'डॉल्बी'वर बंदी येते, साउंडचं शिक्षण कधी येणार?

गणपती जवळ आले की आमच्या इस्लामपुरात आणि एकूणच सांगली-सातारा पट्ट्यात दरवर्षी त्याच बातम्या येतात. शांतता समितीची बैठक होते, 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा'चं आवाहन होतं, साउंडवाल्यांना नोटिसा जातात आणि विसर्जनानंतर कुठल्या मंडळावर गुन्हा दाखल झाला ते पेपरात येतं. २०२५ मध्ये राज्य सरकारनं गणेशोत्सवाला 'राज्य महोत्सव' जाहीर केलं, पण आवाजाचा वाद होता तिथंच आहे. एक गट म्हणतो डॉल्बी कायमची बंद करा. दुसरा म्हणतो आमच्याच सणाला नियम का?

मला यात तिसरा प्रश्न पडतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि शाळेतले माझे तीन-चार मित्र साउंडच्या धंद्यात आहेत. कुणी मिक्सरवर बसतं, कुणी कर्ज काढून बेस आणि टॉपचे बॉक्स घेतलेत, कुणी लॅपटॉपवर रिमिक्स बनवतं. नगरपालिकेच्या निवडणुकीची सभा असो, लग्नाची वरात असो की जत्रेतला तमाशा, यांच्याशिवाय आपल्या तालुक्यातला एकही कार्यक्रम होत नाही. मग ज्या धंद्यात एवढी पोरं आहेत, ज्याचा कायदाच मुळात डेसिबलमध्ये लिहिलाय, त्याचं शिक्षण या पोरांना का मिळत नाही?

जगात या विषयाची रीतसर डिग्री मिळते. ती नेमकं काय शिकवते, त्यातलं आपल्या कामाचं काय आणि ते इस्लामपूरपर्यंत कसं येऊ शकतं, हे आज बघू.

आधी 'डॉल्बी' या शब्दाचं बघू

आपल्याकडं स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर, केंब्रिजमधून फिजिक्सची डॉक्टरेट घेतलेले. १९६३ ते १९६५ या काळात ते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून चक्क भारतात होते. इथून गेल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. त्यांचा पहिला गाजलेला शोध होता टेपवरची खरखर कमी करणारी यंत्रणा.

म्हणजे नको असलेला आवाज कमी करून जो माणूस जगप्रसिद्ध झाला, त्याचं नाव आपण आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या आवाजाला दिलंय. गंमत सोडली तर मुद्दा असा, की साउंड हा वॅट वाढवत नेण्याचा विषय नाही, कंट्रोलचा विषय आहे. आणि कंट्रोल शिकवता येतो.

साउंडच्या डिग्रीत काय असतं?

जर्मनीत डेटमोल्ड इथं 'टोनमायस्टर' नावाचं शिक्षण १९४९ पासून दिलं जातं. संगीत आणि इंजिनिअरिंग दोन्ही येणारा माणूस तयार करायचा, ही त्यामागची कल्पना. आज जगभरातल्या विद्यापीठांत अशा कोर्सचे साधारण तीन भाग असतात.

१. म्युझिक प्रॉडक्शन: गाणं रेकॉर्ड करणं, प्रोग्रॅमिंग, मिक्सिंग, मास्टरिंग. आपली रिमिक्सवाली पोरं एफएल स्टुडिओवर करतात ते याचंच एक टोक.

२. लाइव्ह साउंड: चालू कार्यक्रमात, मोकळ्या मैदानात किंवा हॉलमध्ये आवाज नीट पोहोचवणं. स्पीकर कुठं ठेवायचे, किती कोनात, किती डिले द्यायचा, माइकची शिट्टी कशी थांबवायची आणि वायरिंग सुरक्षित कसं ठेवायचं.

३. म्युझिक बिझनेस: गाण्याचे हक्क, रॉयल्टी, करार, लायसन्स, कोटेशन, टॅक्स.

यातला पहिला भाग तुम्ही मोबाइलवर आणि यूट्यूबवर बऱ्यापैकी शिकू शकता. बँडलॅब फुकट आहे, आयफोनवर गॅरेजबँड येतं, लॅपटॉपवर ऑडॅसिटी फुकट आहे. पण याच भागावर एआयचं संकटही सगळ्यात जास्त आहे. दोन ओळी टाईप केल्या की सुनो किंवा युडिओ अख्खं गाणं बनवून देतं. जून २०२४ मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या बड्या म्युझिक कंपन्यांनी या दोघांवर अमेरिकेत खटले भरले, ते आमची गाणी न विचारता वापरून एआय शिकवलं म्हणून. खटल्यांचं काही होवो, 'साधं बॅकग्राउंड म्युझिक बनवून देतो' यावर घर चालवणं अवघड होत जाणार.

दुसऱ्या भागाचं तसं नाही. पेठ नाक्यावरच्या लॉनमध्ये संध्याकाळी सातला माइक वाजला पाहिजे, तर तिथं माणूसच लागतो. आपल्या भागात सगळ्यात जास्त काम याच भागात आहे आणि सगळ्यात कमी शिक्षणही याच भागात. तो यूट्यूबवर पूर्ण शिकताही येत नाही. त्यासाठी खरी सिस्टीम, खरी जागा आणि चुकलं तर सांगणारा माणूस लागतो.

चार आकडे, जे प्रत्येक साउंडवाल्याला माहीत हवेत

पहिला आकडा, ३ आणि १०. सिस्टीमची पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला साधारण 'दुप्पट' वाटण्यासाठी १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी पॉवर १० पट करावी लागते. तुमच्याकडं १० हजार वॅट असतील आणि समोरच्या मंडळापेक्षा दुप्पट आवाज पाहिजे असेल, तर २० हजार नाही, १ लाख वॅट लागतील. चढाओढीत बॉक्सवर बॉक्स चढवण्यासाठी जे कर्ज काढलं जातं, त्यातलं बरंचसं या ३ डेसिबलवर जातं. हे गणित अकरावीच्या पोराला एका तासात समजतं.

दुसरा आकडा, ६. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं कमी होतो. ५ मीटरवर १०० डेसिबल असेल तर १० मीटरवर ९४, २० मीटरवर ८८ आणि ४० मीटरवर ८२. गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती असल्या की तेवढाही कमी होत नाही.

आता कायदा बघा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सार्वजनिक जागेत लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे रहिवासी भागात दिवसा ६५. रात्री १० ते सकाळी ६ बंदी. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. हे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतात आणि त्यातला दंड आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत जाऊ शकतो.

६५ म्हणजे किती? समोरासमोर बसून नेहमीच्या आवाजात बोललं तर साधारण ६० होतात. म्हणजे घरांच्या मधून जाणारी मिरवणूक, मग ती डॉल्बीची असो की ढोल-ताशाची, कागदावरच्या आकड्यात बसणं जवळपास अशक्य आहे. माझं मत असं, की मर्यादा आणि प्रत्यक्ष यांच्यात एवढी दरी असली की कारवाई कुणावर करायची हे आकडा ठरवत नाही, माणसं ठरवतात. त्यात सापडतो तो बहुतेक वेळा साउंडवाला. सुपारी देणारं मंडळ पुढच्या वर्षीही असतं, सिस्टीम मात्र जप्त होऊन पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात पडते आणि बँकेचा हप्ता चालूच राहतो.

तिसरा आकडा, ३०. कायद्यातले डेसिबल 'ए' पद्धतीनं मोजतात. माणसाच्या कानाला खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून 'ए' पद्धतीत मीटर ते आवाज कमी धरतो. ५० हर्ट्झ, म्हणजे छातीत धडकणारा बेस, सुमारे ३० डेसिबलनं कमी धरला जातो. म्हणून खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं अस्वस्थ होतात, तरी 'ए'चा आकडा त्या मानानं कमी दिसतो. बेस किती आहे हे कळायला 'सी' पद्धत वापरतात. शिकलेला इंजिनिअर दोन्ही बघतो. शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा बेसचीच असते, आणि बेस मागच्या बाजूला कमी जाईल अशी मांडणी करता येते. काही बेस बॉक्स उलटे फिरवून, त्यांना मोजून डिले देऊन आणि पोलॅरिटी बदलून मागचा आवाज बराच कमी करतात. याला कार्डिऑइड मांडणी म्हणतात. मोठ्या कॉन्सर्टमध्ये ती सर्रास असते. त्यासाठी नवा बॉक्स लागतोच असं नाही, असलेले बॉक्स कसे ठेवायचे आणि प्रोसेसरमध्ये काय भरायचं हे कळावं लागतं.

चौथा आकडा, १५ मिनिटं. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था सांगते, की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास थांबता येतं. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, तीही १५ मिनिटांच्या सरासरीवर मोजलेली. आपला ऑपरेटर ट्रॉलीवर भिंतीला टेकून सहा-सात तास उभा असतो. पंचविशीत कानात सतत 'कुई' वाजणारी पोरं माझ्या ओळखीत आहेत. आतल्या कानातल्या पेशी गेल्या की परत येत नाहीत. चहा-वड्याच्या पैशात मिळणारे फोमचे इअरप्लग यातलं बरंच वाचवतात, पण ते घालणाऱ्याला आपल्याकडं हसतात.

इंजिनिअरिंगला आम्ही फूरियेची गणितं पानंच्या पानं सोडवली. मिक्सरवरचा इक्वलायझर आणि आवाजाचा ग्राफ दाखवणारं प्रत्येक ॲप याच गणितावर चालतं, हे मात्र वर्गात कुणी सांगितलं नाही. ज्याला गणित येतं त्याला सिस्टीम माहीत नाही, ज्याच्याकडं सिस्टीम आहे त्याला गणित माहीत नाही, आणि दोघंही एकाच तालुक्यात राहतात.

बिझनेसचा भाग: पठ्ठे बापूरावांच्या तालुक्याला हे जास्त कळायला हवं

लावणी आणि वगाच्या दुनियेतलं सगळ्यात मोठं नाव, पठ्ठे बापूराव, यांचा जन्म १८६६ चा, आपल्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. त्यांच्या लेखणीवर किती फड जगले याची मोजदाद नाही. १९४५ मध्ये पुण्यात त्यांचा शेवट झाला तो हलाखीत. त्या काळात गीतकाराला आयुष्यभर पैसे मिळावेत अशी व्यवस्थाच नव्हती.

आज ती आहे, पण माहिती नसेल तर असून नसल्यासारखी. एका गाण्यात किमान दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा ठरावीक अपवाद सोडता दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासूनची. तुम्ही गाणी लिहीत किंवा चाली लावत असाल तर तिथं सभासद होता येतं. आपल्या भागातले जे पोरगे देवीची गाणी आणि शाहिरी गाणी बनवून 'एकदाच पैसे घेतले' म्हणून कंपनीला देऊन टाकतात, त्यांनी सही करण्याआधी एवढं वाचलं तरी फरक पडेल.

उलट बाजूही आहे. दुसऱ्याच्या गाण्याचा रिमिक्स करून अपलोड केला की चॅनलवर क्लेम येतो, तो याच हक्कांमुळं. लग्नाचं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम धरलेत. पण कशाला 'लग्नाशी जोडलेला कार्यक्रम' म्हणायचं यावर वाद आहेत. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये याबाबत काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कायद्यातली सूट तशीच आहे, फक्त सरकारला परिपत्रक काढून तिचा अर्थ वाढवता येणार नाही. हॉटेलातल्या पार्टीला किंवा तिकीट लावून केलेल्या शोला मात्र लायसन्स लागतं. सुपारी घेताना लायसन्स कोण काढणार हे कागदावर लिहून घ्या.

मग शिकायचं कुठं?

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पदवीनंतरचा तीन वर्षांचा साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा कोर्स आहे. 'स्लमडॉग मिलियनेर'साठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रेसुल पूकुट्टी तिथलेच. पण तिथं भर सिनेमावर आहे, मांडवावर नाही. मुंबईत राज्य सरकारचं लता दीनानाथ मंगेशकर आंतरराष्ट्रीय संगीत महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झालं. सुरुवातीच्या सर्टिफिकेट कोर्सेसमध्ये गायन, तबला, सतार यांच्याबरोबर ध्वनी अभियांत्रिकीही होती. चेन्नईत ए. आर. रेहमान यांची केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी २००८ पासून आहे. याशिवाय मुंबई-पुण्यात खासगी संस्था बऱ्याच आहेत आणि तिथं फी लाखांत जाते.

अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी पाच गोष्टी विचारा:

- डिग्री कुठल्या विद्यापीठाची? ते यूजीसीच्या यादीत आहे का, की हे फक्त संस्थेचं सर्टिफिकेट आहे?
- खऱ्या मिक्सरवर एका विद्यार्थ्याला आठवड्याला किती तास हात लावायला मिळतो?
- मागच्या दोन बॅचची मुलं आज कुठं काम करतात? त्यातल्या दोघांशी बोलता येईल का?
- करार, हक्क, टॅक्स यावर पेपर आहे का?
- इंटर्नशिप कोण मिळवून देतं, आणि तिथं पैसे मिळतात की उलट भरावे लागतात?

डिग्री लागतेच असंही नाही. अजय-अतुल कुठल्या संगीत विद्यापीठात शिकले नाहीत, आणि 'सैराट'चं संगीत हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत रेकॉर्ड झालं. पण त्यांचं उदाहरण देऊन 'शिक्षण कशाला' म्हणणं म्हणजे सचिन फार शिकला नाही म्हणून शाळा बंद करण्यासारखं आहे.

इस्लामपूरला काय करता येईल?

आपल्या जिल्ह्यानं हे एकदा करून दाखवलंय. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले. तेव्हा गाणं शिकायचं तर वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहावं लागायचं. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग आला, अभ्यासक्रम आला, परीक्षा आली. आज गल्लीतली मुलगी 'विशारद'ची परीक्षा देते त्याची सुरुवात तिथली. ती परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेत आहे. आजचा साउंडवाला अजून पलुस्करांच्या आधीच्या काळात आहे. उस्तादाच्या गाडीवर केबल ओढायची, चार वर्षं शिव्या खायच्या आणि मग कधीतरी मिक्सरला हात लागतो.

नवीन कॉलेज बांधायची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या मुलांना व्यवसाय-कौशल्याचे २-२ क्रेडिटचे कोर्स घ्यावेच लागतात. २ क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास थिअरी किंवा ६० तास प्रॅक्टिकल. तेवढ्यात वरचे चार आकडे, मीटर वापरणं, कार्डिऑइड मांडणी, अर्थिंग, कोटेशन आणि हक्क एवढं आरामात बसतं. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. इस्लामपूरच्या परिसरात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कला-वाणिज्यची कॉलेजं आहेत. सिस्टीम विकत घ्यायची गरज नाही, पावसाळ्यात आणि लग्नसराई नसताना ती गोडाऊनमध्ये पडूनच असते. कॉलेजनं भाड्यानं घ्यावी आणि साउंडवाल्यालाच प्रॅक्टिकल शिकवायला बोलवावं. कॉलेजला न जाणाऱ्यांसाठी हाच कोर्स संध्याकाळी ठेवता येईल.

पोलिसांचाही यात फायदा आहे. गणपतीआधीच्या बैठकीत नुसती नोटीस देण्याऐवजी अर्धा दिवस मीटर लावून प्रात्यक्षिक दाखवलं, तर किती आवाजाला किती आकडा येतो हे दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसेल. आज तो आकडा साउंडवाल्याला पहिल्यांदा दिसतो तो पंचनाम्यात.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

फोनमध्ये साउंड मीटरचं ॲप टाका. आयफोनसाठी नायॉशचं ॲप फुकट आहे. अँड्रॉइडवर वेगवेगळ्या फोनचा माइक वेगळा आकडा दाखवतो आणि फार मोठ्या आवाजाला फोनचा माइक हात टेकतो, म्हणून हा आकडा कायदेशीर पुरावा समजू नका. फरक बघायला मात्र तो चालतो: बॉक्स फिरवला, दहा पावलं मागं गेलो, तर किती कमी झाला? लॅपटॉप असेल तर रूम ईक्यू विझार्ड आणि ओपन साउंड मीटर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. डिलेचं गणितही करून बघा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. कीर्तनाच्या मांडवात मागचे स्पीकर स्टेजपासून ३४ मीटरवर असतील, तर त्यांना जवळपास १०० मिलिसेकंद डिले द्या. शब्द दोनदा ऐकू येणं बंद होईल आणि मागं बसलेल्या आज्जींना व्हॉल्यूम न वाढवता कीर्तन कळेल.

आणि तुम्ही कॉलेजात असाल तर विभागप्रमुखांना एक अर्ज द्या: कौशल्याच्या कोर्सेसमध्ये 'लाइव्ह साउंड' हवा. वीस-पंचवीस सह्या जमवा. मंडळाच्या वर्गणीसाठी आपण त्याहून जास्त दारं फिरतो.